अनुशेष: हवामान-न्यायाचा मराठवाड्यातला इतिहास

आज दोन तारखांपासून सुरुवात करू. 12 डिसेंबर 2015 ला पॅरिसमध्ये हवामानबदलाचा करार संमत झाला. हातोडा पडला, टाळ्या वाजल्या, मंत्र्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, हे सगळं आपण टीव्हीवर पाहिलं. त्यानंतर बरोबर चार महिन्यांनी, 12 एप्रिल 2016 च्या पहाटे, मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे तीच गाडी पन्नास वाघिणींची झाली आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागली. त्याआधी मार्चमध्ये लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी टाक्या, विहिरी आणि टँकर भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावली होती. पाण्यासाठी 144 कलम! धनेगावचं मांजरा धरण आटलेलं होतं, आणि शहराला दुसरा आधार नव्हता.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काय, हा आजचा विषय. पॅरिस कराराच्या आठव्या कलमात "हानी आणि नुकसान" ही गोष्ट मान्य केलेली आहे. हवामानबदलामुळे काही नुकसान असं होईल की ते टाळता येणार नाही, भरूनही काढता येणार नाही, हे जगाने पहिल्यांदा करारात लिहिलं. पण त्याच करारासोबतच्या निर्णयात 51 वा परिच्छेद आहे. तो सांगतो की या आठव्या कलमाच्या आधारे कोणावरही उत्तरदायित्व येत नाही आणि कोणाला नुकसानभरपाईही मागता येत नाही. म्हणजे तुमचं नुकसान झालं हे कबूल, पण बिल आमच्याकडे पाठवू नका. लातूरमध्ये बिलाचा प्रश्न फार लवकर आला. गाडी सुरू होऊन महिना होतो न होतो तोच रेल्वेने जिल्हा प्रशासनाकडे सुमारे चार कोटी रुपयांचं बिल पाठवल्याच्या बातम्या आल्या. त्या बिलाचं पुढे काय झालं हा भाग वेगळा. पण दुष्काळ कोणाचा आणि खर्च कोणाचा, हा प्रश्न तिथे कागदावर आला.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू, कारण इथे फार गल्लत होते. लातूरचा 2016 चा पाणीटंचाईचा उन्हाळा हा सगळा हवामानबदलाने घडवला, असं आम्ही म्हणणार नाही. मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही. दुर्गादेवीचा दुष्काळ आपण चौदाव्या शतकाच्या शेवटापासून मोजतो. 2014 आणि 2015 असे लागोपाठ दोन पावसाळे तुटीचे गेले, दुसऱ्या वर्षी एल निनो जोरात होता, आणि मराठवाड्यात 2015 ची तूट सरासरीच्या 40 टक्क्यांच्या आसपास होती. त्यात धरणाच्या पाण्याचं नियोजन आणि पीकपद्धती यांचा वाटा मोठा. त्यावर नंतर येऊच. पण बदल होतोय तो हा की पाऊस आता कमी दिवसांत, जास्त जोराने पडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. ऑगस्ट 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात काय झालं ते आपल्यातल्या अनेकांनी पाहिलं आहे. हसनाळ, रावणगाव ही गावं रात्रीत पाण्याखाली गेली, माणसं दगावली, लष्कराला बोलवावं लागलं. नऊ वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यात रेल्वेने पाणी आणत होते, आणि आता बोटीने माणसं काढावी लागली. दोन्ही मराठवाडाच.

आता मुद्द्याकडे येऊ. हवामानाच्या वाटाघाटींत जे शब्द वापरतात, ऐतिहासिक जबाबदारी, न्याय्य वाटा, भरपाई, ते ऐकले की वाटतं हे जिनिव्हा-न्यूयॉर्कचं काम, आपल्याला त्यातलं काय कळणार. खरं तर या विषयाचा मराठवाड्याइतका सराव फार थोड्या प्रदेशांना असेल. आपल्याकडे त्यासाठी एकच शब्द आहे: अनुशेष.

हा शब्द कुठून आला ते जरा सावकाश पाहू. 28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला. मराठी भाषकांचं एक राज्य करायचं तर विदर्भाला आणि मराठवाड्याला काय आश्वासन द्यायचं, त्याचा हा करार. त्यात म्हटलं होतं की खर्चाचं वाटप लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, आणि मराठवाडा अविकसित असल्यामुळे त्याच्या सर्वांगीण विकासाकडे "विशेष लक्ष" दिलं जाईल. विशेष लक्ष! किती लक्ष, किती रुपये, किती वर्षं, आणि लक्ष दिलं नाही तर कोणाकडे जायचं, यातलं काहीही त्यात नव्हतं. निजामाच्या राज्यातून 1948 ला बाहेर पडलेला हा प्रदेश रस्ते, शाळा, सिंचन, वीज सगळ्यांत मागे होता, आणि तो स्वतःच्या आळसाने मागे राहिलेला नव्हता. वीस वर्षं वाट पाहून 1974 मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटलं. विद्यार्थी रस्त्यावर आले.

मग 1983 मध्ये सरकारने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. दांडेकरांनी जे केलं ते आमच्या मते महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासातलं एक मोठं बौद्धिक काम आहे, आणि त्याची पुरेशी आठवण ठेवली जात नाही. त्यांनी तक्रारीचं मोजमाप केलं. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा असं एकेक क्षेत्र घेतलं, राज्याची सरासरी काढली, आणि प्रत्येक जिल्हा त्या सरासरीच्या किती खाली आहे ते पाहिलं. तेवढी उणीव भरून काढायला किती पैसे लागतील, तो त्या जिल्ह्याचा अनुशेष. 1984 च्या अहवालात सगळ्या राज्याचा मिळून हा आकडा सुमारे 3,186 कोटी रुपये निघाला. नाराजीला पहिल्यांदा रुपयांत किंमत आली. "आमच्यावर अन्याय झाला" याचं रूपांतर "आमचे इतके येणे आहेत" यात झालं. आपल्या दुकानदारालाही समजेल अशी ही भाषा, उधारीच्या वहीची.

आता हेच जगाच्या पातळीवर ठेवून बघा. 1991 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एक छोटी पुस्तिका काढली, "असमान जगातली तापमानवाढ" अशा आशयाच्या नावाची. त्याच्या आदल्या वर्षी वॉशिंग्टनच्या एका संस्थेने देशांची यादी केली होती, आणि तीत भारत-चीन वरच्या क्रमांकांवर दिसत होते. या दोघांनी विचारलं, देश काय मोजता, माणसं मोजा. भातशेतीतून आणि गुराढोरांतून निघणारा वायू हा जगण्यासाठीचा, आणि मोटारीतून निघणारा चैनीचा. दोन्ही एकाच तराजूत कसे? हवा हे सगळ्यांचं गायरान आहे, त्यात प्रत्येक माणसाचा वाटा सारखा. पुढच्याच वर्षी, 1992 ला रिओच्या करारात "सामाईक पण भिन्न जबाबदाऱ्या" हे तत्त्व आलं, ते या वादाच्या पार्श्वभूमीवर. आजही हिशेब साधारण असा आहे: भारतात दरडोई वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. औद्योगिक क्रांतीपासून आजवर हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा, भारताचा तीन टक्क्यांच्या आसपास. हा जगाचा अनुशेष. फरक एवढाच की जगाला अजून दांडेकर मिळालेले नाहीत. म्हणजे अभ्यासक भरपूर आहेत, पण सर्वांनी अधिकृतपणे नेमलेली समिती, आणि तिचा मान्य झालेला आकडा, तो नाही. पॅरिस करार अजून "विशेष लक्ष" या पायरीवरच आहे.

आणि आकडा निघाला म्हणजे काम झालं असंही समजू नका. राज्यघटनेच्या कलम 371 (2) खाली 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, मराठवाड्याचं मंडळ औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. राज्यपालांना निधीवाटपाचे निर्देश देण्याचा अधिकार आला. काही क्षेत्रांतला अनुशेष भरला, काहींतला वाढला, सिंचनाचं भांडण कायम राहिलं. आणि 30 एप्रिल 2020 ला या मंडळांची मुदत संपली. कोविडच्या गडबडीत किती जणांच्या लक्षात आलं ते सांगता येत नाही.

आता पैसे देणाराकडून बघू. इथे मराठवाड्याकडे, खरं म्हणजे सगळ्या महाराष्ट्राकडे, जगाला दाखवण्यासारखी एक गोष्ट आहे. जून 1972 मध्ये स्टॉकहोमला पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद झाली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर तिथे भाषण करणाऱ्या सरकारप्रमुख एकट्या इंदिरा गांधी होत्या. गरिबी आणि पर्यावरण यांचा संबंध त्यांनी तिथे मांडला. आणि त्याच महिन्यात इकडे पाऊस दडी मारून बसला होता. 72 चा दुष्काळ. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना सुकडी आठवेल, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आठवेल, खडी फोडणं आठवेल. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसं होती. पैसा काढायचा कुठून?

वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. रोजगार हमीची त्यांची कल्पना जुनी होती. ती या दुष्काळात राज्यभर लागू झाली, 1977 मध्ये तिचा कायदा संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत दिलं नाही तर दिवसाला किमान एक रुपया बेकारभत्ता. एक रुपया आज हास्यास्पद वाटेल, पण तो हक्क होता. मजूर दावा सांगू शकत होता. आणि पैशासाठी 1975 पासून व्यवसाय कर लावला. पगारपत्रकात दर महिन्याला जी छोटी रक्कम कापली जाते ना, फेब्रुवारीत जरा जास्त, तो हाच. मुंबई-पुण्यातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेला पैसा आणि राज्य सरकारने त्यात घातलेली तेवढीच भर, यातून लातूर-नांदेडच्या माणसाला नालाबांधावर काम मिळत होतं. कर भरणाऱ्याने दुष्काळ पाडला असं कोणी म्हटलं नाही. त्याला कोर्टात खेचलं नाही. ज्याची कुवत आहे आणि जो या राज्यात सुखाने राहतो त्याने द्यायचं, एवढंच तत्त्व. जमा झालेला सगळा पैसा त्याच कामावर खर्च झाला असं नाही, भ्रष्टाचार झाला, हजेरीपटांवर खोटी नावं चढली. तरीसुद्धा ती कर्ज नव्हती, भीक नव्हती आणि देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नव्हती.

आता याच्या शेजारी जागतिक मदत ठेवा. 2009 मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी शब्द दिला की 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू. त्यांच्याच हिशेबाने तो आकडा 2022 मध्ये गाठला, दोन वर्षं उशिरा, आणि त्यातला मोठा भाग कर्जाच्या रूपात. दुष्काळात सावकाराने पैसे द्यावेत आणि वर त्यालाच मदत म्हणावं, तसं काहीसं. 2024 ला बाकूमध्ये नवा आकडा ठरला: 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज. भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी तिथल्या तिथे उभं राहून याला दृष्टिभ्रम म्हटलं. त्या बरोबर होत्या असं आम्हाला वाटतं. पण भारताने तिथे व्यवसाय कराचं उदाहरण दिलं असतं तर जास्त बरं झालं असतं. आपल्या घरात पन्नास वर्षांपूर्वी जमलेली गोष्ट आहे ती.

आता नदीकडे. कारण वर कोण आणि खाली कोण, हे नदीइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. पैठणच्या जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. क्षमता सुमारे 102 टीएमसी. पण वर नाशिक-नगरकडे धरणं होत गेली, आणि तुटीच्या वर्षी नाथसागरात येणारं पाणी घटत गेलं. वरच्यांचं म्हणणं काय? धरणासाठी आमची गावं उठली, द्राक्षबागा आणि ऊस आम्ही कष्टाने उभे केले, सोडलेलं पाणी वाटेत मुरतं, आणि आम्ही धरणं बांधली तेव्हा असला काही नियम नव्हता. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. श्रीमंत देशही हेच म्हणतात: आम्ही कोळसा जाळला तेव्हा हवामानाचं आम्हाला ठाऊक नव्हतं. दोन्ही युक्तिवाद अगदीच खोटे नाहीत. पण नव्याने ठाऊक झाल्यावर काय करायचं, याचं उत्तर त्यांत नाही.

महाराष्ट्राने ते उत्तर 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात दिलं. एका खोऱ्यातल्या धरणांत टंचाईच्या वर्षी पाणी समन्यायी वाटायचं. नऊ वर्षं तो कायदा कागदावर होता. मग मेंढेगिरी समितीचा अहवाल आला, आणि 2014 मध्ये प्राधिकरणाने नियम दिला: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडायचं. किती, ते कोष्टकात बघायचं. 2015 ला 12.84 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. 2023 च्या नोव्हेंबरात पुन्हा तेच भांडण, पुन्हा पाणी सुटलं. भांडण संपलं नाही. पण आता ते भांडण तारखेवर, टक्क्यावर आणि कोष्टकावर होतं. यालाच आम्ही प्रगती म्हणतो.

इथवर मराठवाडा खालचा. पण गोदावरीच्या काठाने नांदेडच्या पुढे धर्माबादला जा. तिथे बाभळीचा बंधारा आहे, आणि तिथे मराठवाडा वरचा होतो. खाली तेलंगणाचं पोचमपाड, म्हणजे श्रीरामसागर. बंधारा त्या धरणाच्या फुगवट्यात येतो, आमचं पाणी अडवाल, म्हणून आंध्र प्रदेश कोर्टात गेला. जुलै 2010 मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह धर्माबादेत येऊन अटक करून घेऊन गेले, ते दिवस नांदेडकरांना आठवतील. 28 फेब्रुवारी 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बंधारा ठेवा, पण 2.74 टीएमसीपेक्षा जास्त साठवायचं नाही. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडी. 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचं. देखरेखीला तिघांची समिती. धर्माबाद-बिलोलीकडचे शेतकरी या निकालावर आजही नाराज आहेत. ऐन पावसाळ्यात दारं उघडी ठेवून अडवायचं काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण नाशिकला जे मागतो ते तेलंगणाने आपल्याकडे मागितलं की ते अन्यायकारक कसं होतं, हेही विचारायला हवं. मांजरा तर आणखी गंमत करते. बीडमधून निघते, लातूरमधून बिदरला जाते, पुढे निजामसागर भरते, आणि फिरून नांदेडच्या सीमेवर येऊन गोदावरीला मिळते. एकच नदी, आणि आपण तिच्या वरही आणि खालीही.

आता घरातला हिशेब. तो टाळून चालणार नाही. ज्या मांजरेचं पाणी 2016 मध्ये लातूर शहराला पुरलं नाही, त्याच मांजरेच्या खोऱ्यात साखर कारखाने आहेत आणि ऊस आहे. कृषिमूल्य आयोगाने म्हटलं आहे की महाराष्ट्रात लागवडीखालच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो. ऊस लावणारा शेतकरी मूर्ख नाही. भाव ठरलेला, खरेदी ठरलेली, गारपिटीत तगणारं पीक, तो का नाही लावणार? सोयाबीनला आणि तुरीला तसली हमी कोणी दिली? पण त्या वर्षी ऊसवाल्याची बोअर आणि भूमिहीन बाईची घागर यांच्यात जे अंतर होतं, ते सरासरीत दिसत नाही. रेल्वेचं पाणी शहरासाठी आलं. खेड्यांनी टँकरची वाट पाहिली.

देशाचंही तेच. 2007 मध्ये ग्रीनपीसच्या भारतातल्या शाखेने एक अहवाल काढला, त्याचा रोख असा की भारतातला श्रीमंत वर्ग गरिबांच्या कमी सरासरीआड लपतो. दिल्लीला तो आवडला नाही. दोन टनांची सरासरी काढताना मुखेडचा शेतमजूर आणि मुंबईतला तीन मोटारींवाला एकत्र बेरजेला घेतले जातात, आणि जो जवळपास काहीच जाळत नाही त्याच्या नावावर दुसऱ्याची सूट वसूल होते. आंतरराष्ट्रीय मंचावर दरडोई हा शब्द वापरायचा तर तो घरातही वापरावा लागेल.

शेवटी एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, तो वाचतो: "हानी आणि नुकसान निधीतून मराठवाड्याला पैसे मिळतील का?" थोडक्यात सांगतो. हा निधी 2022 मध्ये शर्म अल-शेखला मान्य झाला, 2023 ला दुबईत सुरू झाला, तेव्हा सुरुवातीची वचनं सुमारे 70 कोटी डॉलरची होती. पहिल्या टप्प्यात वाटायला 25 कोटी डॉलर ठेवले आहेत, त्यातला किमान निम्मा भाग छोटी बेटं आणि अतिअविकसित देश यांच्यासाठी राखीव. भारत या दोन्हींत बसत नाही. ते योग्यच आहे, वानुआतूसारख्या बेटाची गरज आपल्यापेक्षा मोठी. उरलेल्यात मागायचं तर मागणी देशाच्या सरकारमार्फत जाणार, आणि सरकार ती राज्यांच्या आकड्यांवरून करणार. तेव्हा पहिलं काम इथे आहे: मुखेडमध्ये त्या रात्री घरं किती पडली, जनावरं किती गेली, कोणाची जमीन किती खरवडून गेली, आणि ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याची मजुरी किती बुडाली, याची गावनिहाय वही. पंचनाम्यात शेवटच्या प्रकारासाठी आज रकाना नाही.